लोक कशीही टाईप करतात ती तारीख पार्स कशी करायची: कुठल्या पायरीनंतर कुठली

पार्स करणं म्हणजे टाईप केलेल्या मजकुरातून कॉम्प्युटरला कळेल अशी तारीख काढणं. बहुतेक टीममध्ये हे काम असं होतं: टेक्स्ट बॉक्स ठेवला, आलेला मजकूर लायब्ररीला (दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडला) दिला, लायब्ररीने जे दिलं ते डेटाबेसमध्ये टाकलं. मग तक्रारी यायला लागल्या की एक रेजेक्स (मजकुरातला ठरावीक नमुना शोधायचा कोड) वाढवायचा, मग अजून एक, आणि सहा महिन्यांनी त्या फाईलला हात लावायला कोणी तयार नाही. लायब्ररी वाईट असतात असं नाही, पण तिला सगळ्यात आधी बोलावलं जातं आणि ती सगळ्यात शेवटी लागते. आधीच्या पायऱ्या झालेल्या नसल्या की ती अंदाज करते, आणि तारखेच्या बाबतीत अंदाजाची वाईट गोष्ट म्हणजे चुकलेली तारीख पण तारखेसारखीच दिसते, एरर येत नाही, लॉगमध्ये काही नाही, फक्त केटरर ५ मार्चच्या ऐवजी ३ मेची भांडी काढून ठेवतो.

आधीच सांगतो, कॅलेंडर विजेट देता येत असेल तर द्या आणि हे सगळं वाचू नका. पण १९६२ सालची जन्मतारीख विजेटमधून निवडायला लावणं म्हणजे छळ आहे, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून येणारं बुकिंग, सोसायटीच्या सेक्रेटरीने पाठवलेली एक्सेल, जुन्या रजिस्टरवरून टाईप केलेल्या नोंदी यांना विजेट लावता येत नाही. हा लेख त्यांच्यासाठी.

## तयारी: कोड लिहायच्या आधी

### क) खरा इनपुट गोळा करा

स्वतः बसून सॅम्पल तारखा बनवू नका. प्रोग्रामरने बनवलेले सॅम्पल नेहमी नीट असतात, ०५/०३/२०२४ वगैरे. खऱ्या डेटातल्या, चॅटमधल्या, एक्सेलमधल्या तीनचारशे ओळी काढा आणि नुसत्या वाचा. पुण्यातल्या एखाद्या मंगल कार्यालयाच्या चौकशीत साधारण हे सापडेल:

५/३/२४, ५-३-२४, ५.३.२४, दि. ५ मार्च, मार्च ५, ५ तारखेला, येत्या रविवारी, परवा संध्याकाळी, १४ किंवा १५ मे, मे च्या दुसऱ्या आठवड्यात, अक्षय्य तृतीयेला, दिवाळीनंतर कधीही, आणि ५/3/२४ असं अर्धं मराठी अर्धं इंग्रजी आकड्यात, कारण मधेच कीबोर्ड बदलला.

याचे ढीग करा. पहिला ढीग, ज्यात एकच तारीख स्पष्ट आहे. दुसरा, ज्यात तारीख आहे पण दोन अर्थ निघतात. तिसरा, ज्यात तारीख नाहीच, कालावधी आहे किंवा नुसती इच्छा आहे. तिसऱ्या ढिगातल्यातून जबरदस्तीने तारीख काढायची नाही हे इथेच ठरवून टाका. "दिवाळीनंतर कधीही" याची तारीख होत नाही, तिथे फोन करावा लागतो.

### ख) प्रत्येक फिल्डची चार उत्तरं लिहून ठेवा

एकच पार्सर सगळ्या फिल्डला लावला जातो आणि तिथेच गडबड सुरू होते, कारण "५ मार्च" हा मजकूर जन्मतारखेत वेगळा आणि बुकिंगमध्ये वेगळा. प्रत्येक फिल्डसाठी हे ठरवा:

१. दिशा: तारीख मागचीच असणार, पुढचीच असणार, की दोन्ही चालतं.
२. मर्यादा: कमीत कमी कुठली, जास्तीत जास्त कुठली. जन्मतारीख आजच्या नंतरची नको, बुकिंग दोन वर्षांच्या पुढचं नको, पावती मागच्या आर्थिक वर्षाच्या आधीची नको.
३. क्रम: दिवस आधी की महिना आधी. माणसाने टाईप केलेलं असेल तर आपल्याकडे दिवस आधी, त्यात चर्चा नाही. मशीनने एक्सपोर्ट केलेलं असेल तर चर्चा आहे, ती चौथ्या पायरीत.
४. अपुरी तारीख चालते का: जुन्या रजिस्टरमध्ये नुसतं "१९६२" असेल तर ते तसंच ठेवायची सोय आहे, की १ जानेवारी चिकटवणार? चिकटवणार असाल तर थांबा, ती खोटी तारीख आहे आणि पुढे कोणीतरी त्यावरून वय काढणार.

### ग) "आज" बाहेरून द्या

पार्सरच्या आत घड्याळ बघू नका, "आज"ची तारीख त्याला पॅरामीटर म्हणून द्या. एकतर टेस्ट लिहिता येतात. दुसरं म्हणजे सर्व्हर बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतो आणि आपण साडेपाच तास पुढे, म्हणजे रात्री १२ पासून पहाटे ५:३० पर्यंत सर्व्हरच्या दृष्टीने अजून कालच चालू असतो. डबेवाल्यांची, दुधाची, फुलांची ऑर्डर नेमकी याच वेळात येते. पहाटे पाच वाजता हडपसरहून कोणी "उद्या" लिहिलं की सर्व्हर आजची तारीख काढून मोकळा. टाइमझोन आशिया/कोलकाता असा नावाने द्या, सर्व्हरच्या सेटिंगवर सोडू नका.

तपासा: घड्याळ रात्री १२:३० ला नेऊन "आज", "उद्या", "काल" तिन्ही चालवून बघा. इथे चुकत असेल तर पुढे जाऊन उपयोग नाही.

## पायरी १: मूळ मजकूर जसाच्या तसा ठेवा

माणसाने जे टाईप केलं ते वेगळ्या कॉलममध्ये, अक्षरही न बदलता, आणि सोबत मेसेज पाठवल्याची वेळ. आल्याची नाही, पाठवल्याची. रात्री ११:५० ला पाठवलेलं "उद्या" ऑफिसमध्ये सकाळी दहाला वाचलं जातं आणि तेव्हा "उद्या"चा अर्थ एक दिवसाने सरकलेला असतो. पार्सर सुधारल्यावर जुना डेटा परत चालवायचा असेल तर या दोन गोष्टी लागतातच, नाहीतर फक्त चुकीची उत्तरं शिल्लक राहतात आणि प्रश्न काय होता ते कोणाला माहीत नसतं.

## पायरी २: साफसफाई

इथे अर्थ लावायचा नाही, फक्त अक्षरं एकसारखी करायची.

आकडे. देवनागरी ० ते ९ आणि इंग्रजी आकडे सगळे एका प्रकारात आणा. हे आधी का, तर भाषा इथे वेगवेगळ्या वागतात. पायथॉनला "५" दिला तर तो इंटिजर करून देतो आणि त्याच्या रेजेक्समधला "आकडा" देवनागरी आकड्याला पण जुळतो. जावास्क्रिप्टमध्ये दोन्ही चालत नाही. म्हणजे तोच मजकूर बॅकएंड घेतो आणि फ्रंटएंड "चुकीची तारीख" म्हणून लाल करतो, आणि दोन्ही टीम एकमेकांकडे बोट दाखवतात.

शून्यासारखं दिसणारं. शून्याऐवजी इंग्रजी ओ टाईप केलेला असतो, आणि देवनागरीत ० च्या जागी संक्षेपाचं ते छोटं गोल चिन्ह, डॉ॰ मध्ये लावतात ते. दोन्ही बदला, पण शेजारी आकडा असेल तरच. सरसकट बदललं तर ऑक्टोबरचं इंग्रजी स्पेलिंग शून्याने सुरू होईल.

ऑ चा घोळ. "ऑगस्ट" आणि "ऑक्टोबर" मधला ऑ काही कीबोर्डवरून एक अक्षर म्हणून येतो, काहींवरून आ आणि वरचा चंद्र असा दोन तुकड्यात. स्क्रीनवर दोन्ही जवळजवळ सारखे. युनिकोडचं एनएफसी (एकच अक्षर लिहायच्या वेगवेगळ्या पद्धती एकसारख्या करायचा नियम) लावलं तरी हे दोन एक होत नाहीत, स्वतः बदलावे लागतात. डेटात ऑगस्ट आणि ऑक्टोबरच कमी का येतायत असा प्रश्न पडला तर पहिले इथे बघा.

अदृश्य गोष्टी. झिरो विड्थ जॉइनर आणि नॉन जॉइनर, न तुटणारी स्पेस, लांब डॅश. पीडीएफ किंवा वेबवरून कॉपी केलेल्यात हे हमखास. स्लॅशच्या जागी उभा दंड टाकणारे पण असतात.

सावधान: जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमधला मजकूर युनिकोड नसतो. तो साफ होणार नाही, आधी कन्व्हर्टरमधून काढावा लागेल. ओळखायची खूण सोपी, महिन्याच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते.

## पायरी ३: तारीख नसलेलं बाजूला काढा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात आणि पुण्यात तर ती गाळून चालतच नाही. आपल्या शहरात आठवड्याचे सातही वार पेठांच्या नावात आहेत. "शनिवार पेठेत गुरुवारी पोचवा" यात पार्सरला दोन वार दिसतात आणि तो पहिला उचलतो. "१५ ऑगस्ट चौकात" हा पत्ता आहे. "स. नं. १२/३/१" हा सर्व्हे नंबर आहे आणि तो दिसायला अगदी तारीख आहे, कोथरूड, बाणेर, वारजे कुठलाही पत्ता घ्या, असं काहीतरी निघतंच.

म्हणून वार ओळखायच्या आधी हे खोडून काढा, या क्रमाने:

१. फोन नंबर, दहा आकडी, मधे स्पेस असली तरी.
२. सर्व्हे नंबर, फ्लॅट नंबर, गट नंबर. "स. नं.", "सर्व्हे", "गट", "फ्लॅट", "प्लॉट" यानंतरचा स्लॅशवाला आकडा.
३. वाराच्या नावानंतर "पेठ", "पेठेत", "पेठेतून" आलं तर दोन्ही शब्द. "शनिवारवाडा" हा एकच शब्द आहे, तो वेगळा यादीत टाका, कारण "शनिवारवाड्यासमोर" मधला शनिवार लोकांचे रेजेक्स आनंदाने कापून घेतात.
४. महिना किंवा वारासोबत चौक, रोड, नगर.
५. रक्कम. "५.५०" हे साडेपाच रुपये, ५ तारीख आणि पन्नासावा महिना नाही.
६. आर्थिक वर्ष. "२०२४-२५" हे २०२४ सालचा पंचविसावा महिना म्हणून नापास होतं तोपर्यंत ठीक, पण "२०११-१२" पास होतं आणि डिसेंबर २०११ बनतं. अकाउंट्सच्या डेटात चार आकडी वर्ष, डॅश आणि त्याच्या लगेच पुढचा दोन आकडी आकडा दिसला की ते आर्थिक वर्ष धरा.

तपासा: तुमच्याकडच्या पत्त्याच्या कॉलममधल्या सगळ्या ओळी तारखेच्या पार्सरला द्या. एकही तारीख निघता कामा नये. ही टेस्ट फुकटात मिळते आणि सगळ्यात जास्त चुका तीच पकडते.

## पायरी ४: तुकडे पाडा आणि सगळ्या शक्यता काढा

आता उरलेल्या मजकुराचे तुकडे करा आणि प्रत्येकाला लेबल लावा: आकडा, महिना, वार, सापेक्ष शब्द, खूण, बाकी.

महिन्यांच्या यादीत फक्त पूर्ण नावं नकोत. जाने, फेब्रु, फेब, एप्रि, ऑग, सप्टें, सप्टेम्बर, ऑक्टो, नोव्हें, डिसें, शिवाय इंग्रजी स्पेलिंग आणि त्याची लघुरूपं, शिवाय हिंदी वळणाचं जनवरी, जुलाई, अगस्त. पुण्यात हे सगळं एकाच ग्रुपवर येतं.

प्रत्ययांसाठी मोठं भाषाशास्त्र लागत नाही. ला, ची, च्या, पासून, पर्यंत, नंतर, आधी, अखेर एवढी यादी पुरते, पण काढून टाकताना ते फेकू नका. "१५ मार्चपर्यंत" आणि "१५ मार्चला" यात तारीख तीच, अर्थ वेगळा. पर्यंत, नंतर, आधी आलं की ती मुदत आहे असं लेबल सोबत ठेवा.

सावधान: "मे" फक्त पूर्ण शब्द असेल तरच महिना. तुकड्यात शोधलात तर मेथी, मेस, मेडिकल सगळं मे महिन्यात जाईल. आणि स्पेलिंगच्या चुका झेलायला एक अक्षर इकडेतिकडे चालेल असं फझी मॅचिंग लावणार असाल तर एवढंच बघा की मार्च आणि मार्ग यात एकच अक्षर वेगळं आहे. "कर्वे मार्ग ५" म्हणजे ५ मार्च नव्हे. मी तर फझी मॅचिंग लावतच नाही, नवीन चुकीचं स्पेलिंग दिसलं की यादीत टाकतो, चारपाच महिन्यात यादी स्थिर होते.

आता मुख्य गोष्ट. तुकड्यांवरून लगेच एक तारीख बनवू नका, जितक्या बनतात तितक्या सगळ्या बनवा. "५/३/२४" वरून दोन बनतात, ५ मार्च आणि ३ मे. "२५/३/२४" वरून एकच. मग फिल्डचे नियम लावून गाळा. एक उरली तर ठीक, शून्य उरली तर नाकारा, दोन उरल्या तर विचारा. हे तीनच निकाल, चौथा नाही.

माणसाने टाईप केलेलं असेल तर "दिवस आधी" या नियमाने ३ मे गळून पडते. पण लायब्ररी हा नियम कसा पाळतात ते माहीत हवं:

पायथॉनची डेटयूटिल मुळात महिना आधी धरते. "डेफर्स्ट" (दिवस आधी) चालू केलं तरी ती सक्ती नाही, नुसती पसंती. म्हणजे ०२/१३/२०२४ आलं तर ती गुपचूप उलटं करून १३ फेब्रुवारी देते, कसलीही तक्रार नाही. शिवाय न दिलेले भाग ती आजच्या तारखेतून भरते, ११ तारखेला "मार्च २०२४" चं इंग्रजी रूप दिलं की ११ मार्च मिळतो आणि १२ तारखेला १२ मार्च.

पीएचपीचं स्ट्रटूटाइम चिन्ह बघतं. ५/३/२०२४ अमेरिकन पद्धतीने ३ मे, ५-३-२०२४ मात्र ५ मार्च. एकाच कॉलममध्ये दोन्ही चिन्हं असली की निम्म्या तारखा उलट्या.

पायथॉनचीच डेटा लायब्ररी पांडाज २.० पासून पहिल्या किमतीवरून फॉरमॅट ठरवतं आणि खालच्या सगळ्यांना तोच लावतं. पहिली ओळ ०५/०३/२०२४ असेल तर महिना आधी ठरतो आणि खाली कुठे २५/०३ आलं की एरर. एरर बरा. पण तो बंद करायला लोक "कोअर्स" (न जमलेलं रिकामं सोडून पुढे जा) लावतात आणि मग त्या ओळी रिकाम्या होतात आणि बाकीच्या उलट्या, दोन्ही एकदम.

### एक्सेलमधून आलेला कॉलम

याला वेगळी वागणूक द्या. एखाद्या कॉम्प्युटरवर विंडोजचं रीजन अमेरिका ठेवलेलं असतं, आणि बरेचदा असतंच, कारण नवीन मशीन आलं की ते कोणी बदलत नाही. तिथे क्लार्कने ५/३/२०२४ टाईप केलं की एक्सेल त्याला ३ मे समजून आत आकडा म्हणून साठवतं. २५/३/२०२४ टाईप केलं तर पंचविसावा महिना नसल्यामुळे ते साधं टेक्स्ट म्हणून तसंच राहतं, सेलमध्ये डावीकडे चिकटलेलं. म्हणजे एका कॉलममध्ये उलटलेल्या खऱ्या तारखा आणि बरोबर टेक्स्ट अशी मिसळ.

ओळखायचं असं: सीएसव्ही (नुसत्या मजकुराची फाईल) मागू नका, मूळ एक्सेल फाईल मागा आणि सेलचा प्रकार बघा. खऱ्या तारखेच्या सेलमध्ये दिवस कधीच १२ च्या वर जात नाही, आणि टेक्स्टच्या सेलमध्ये पहिला आकडा नेहमीच १२ च्या वर, असं दोन्ही दिसलं की कॉलम उलटलाय. मग फक्त खऱ्या तारखेच्या सेलमध्ये दिवस आणि महिना अदलाबदल करा. एकेक ओळ बघून हे कधीच कळणार नाही, पूर्ण कॉलम बघावा लागतो.

## पायरी ५: वर्ष

दोन आकडी वर्षाची सीमा सगळीकडे वेगळी आहे. पायथॉनचं स्ट्रपटाइम ६९ ते ९९ ला १९०० मध्ये टाकतं आणि ०० ते ६८ ला २००० मध्ये. मायएसक्यूएल ७० पासून १९००. जावाचं जुनं सिंपलडेटफॉरमॅट आजच्या ८० वर्षं मागे आणि २० वर्षं पुढे असं बघतं. म्हणजे आजोबांनी ५/३/६२ लिहिलं की पायथॉनमध्ये त्यांचा जन्म २०६२ चा. यापैकी कुठलंच वापरू नका. दोन्ही शतकं शक्यता म्हणून बनवा आणि तयारीत लिहिलेल्या मर्यादेने गाळा. जन्मतारीख पुढची असू शकत नाही म्हणून २०६२ आपोआप पडतं. "५/३/२४" मात्र जन्मतारखेत खरंच दोन राहू शकतात, शंभरीचे आजोबा किंवा बाळ, तिथे विचारा.

वर्षच नसेल तर दिशा वापरा. आज ११ जून २०२५ धरू. बुकिंगमध्ये "५ मार्च" म्हणजे ५ मार्च २०२६, पावतीत ५ मार्च २०२५. नुसतं "५ तारखेला" असेल तर बुकिंगमध्ये ५ जुलै. आणि "२९ फेब्रुवारी" असेल तर पुढच्या लीप वर्षाला उडी मारू नका, माणसाला बहुतेक २८ किंवा १ म्हणायचं असतं, विचारा.

आकड्याच्या आधी "शके" आहे का ते बघा. जुन्या पत्रिका आणि कागदपत्रांमध्ये शके १८८४ असं असतं, त्यात ७८ मिळवले की १९६२, पण जानेवारी ते पाडव्याच्या मधल्या तारखांना ७९ मिळवावे लागतात. त्यातही सरकारी सौर शकाचं वर्ष २२ मार्चला, लीप वर्षी २१ ला सुरू होतं आणि पंचांगातलं गुढीपाडव्याला. मी याचं रूपांतर कोडमध्ये करत नाही, माणसाकडे पाठवतो.

## पायरी ६: उद्या, परवा, आठ दिवसांनी

आज, उद्या, काल सोपे. "परवा" दोन दिवस मागे पण आणि पुढे पण, "तेरवा" तसंच. वाक्यातलं क्रियापद सांगतं, परवा आलो की परवा येतो, पण फॉर्ममध्ये क्रियापद नसतं, तिथे फिल्डची दिशा वापरा. दिशा दोन्हीकडची असेल तर दोन शक्यता.

"आठ दिवसांनी" हे आकडा म्हणून मोजू नका. बुधवारी कोणी "आठ दिवसांनी या" म्हणालं की पुढच्या बुधवारी जायचं असतं, गुरुवारी नाही. "पंधरा दिवसांनी" पण तसंच, दोन आठवडे. पण "आठ दिवसांच्या आत पैसे भरा" ही मुदत असेल तर खरोखरचे आठ. "दहा दिवसांनी" म्हणजे दहाच. म्हणून आठ आणि पंधरा हे दोन आकडे खास, बाकी सरळ बेरीज, आणि या दोघांना पुढच्या पायरीत नक्की दाखवून घ्या.

वारांचं असं: "येत्या शुक्रवारी" म्हणजे सगळ्यात जवळचा, १३ जून. "पुढच्या शुक्रवारी" यावर घराघरात वाद आहेत, कोणी १३ म्हणतं कोणी २०. दोन्ही काढा. "या शुक्रवारी" १३. आणि आजच शुक्रवार असताना "शुक्रवारी" लिहिलं तर आजचा की पुढचा, हे फिल्ड ठरवेल, डब्याची ऑर्डर आणि कार्यालयाचं बुकिंग यात फरक आहे.

सणांसाठी फॉर्म्युला लिहायला जाऊ नका. तिथीचा क्षय होतो, वृद्धी होते, २०२३ सारखा अधिक श्रावण मधे येतो. दरवर्षी छापील पंचांगावरून दहापंधरा सणांचं टेबल भरा आणि ते वर्षानुसार ठेवा: गुढीपाडवा २०२५ ला ३० मार्च, २०२६ ला १९ मार्च. टेबलात नसलेलं वर्ष आलं तर नाकारा. नुसतं "पाडव्याला" असेल तर चैत्रातला की दिवाळीतला, दोन शक्यता. "दिवाळीत" ही तारीख नाही, तो पहिल्या पायरीआधीच्या तिसऱ्या ढिगातला माल आहे.

## पायरी ७: तारीख खरंच आहे का

३१ जून नसतो हे सगळ्यांना माहीत आहे, फक्त लायब्ररींना सांगावं लागतं. जावास्क्रिप्टमध्ये ३० फेब्रुवारी बनवली की ती गुपचूप मार्चमध्ये घरंगळते. वर तिथे महिने शून्यापासून मोजतात ते वेगळंच. जावाच्या नव्या डेटटाइमफॉरमॅटरमध्ये मुळात "स्मार्ट" मोड असतो, तो ३१ जूनला ३० जून करून देतो. "स्ट्रिक्ट" मोड लावा, आणि तिथे वर्षासाठी वाय नाही, यू वापरावा लागतो, नाहीतर सगळंच नापास होतं आणि लोक वैतागून परत स्मार्टवर जातात. मोठा वाय तर अजिबात नको, ते आठवड्यांचं वर्ष असतं आणि डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांत पुढचं साल छापतं.

तपासा: बनवलेल्या तारखेतून दिवस, महिना, वर्ष परत काढा आणि मूळ आकड्यांशी ताडून बघा. जुळलं नाही तर नाकारा. मजकुरात वार पण दिला असेल, "मंगळवार ५ मार्च २०२४" असा, तर तोही जुळवा. वार जुळत नसेल तर तारीख बरोबर की वार हे तुम्ही ठरवू नका.

## पायरी ८: उलट दाखवा

माणसाला ०५/०३/२०२४ परत दाखवून उपयोग नाही, तो मान डोलावणारच, त्यानेच लिहिलं होतं. महिना अक्षरात आणि सोबत वार: "मंगळवार, ५ मार्च २०२४". वार वाचला की लोकांना चूक लगेच कळते, कारण लग्न रविवारी आहे हे डोक्यात पक्कं असतं.

दोन शक्यता असतील तर दोन बटणं, "शुक्रवार १३ जून" आणि "शुक्रवार २० जून", आणि कुठलंच आधीपासून निवडलेलं नको. निवडलेलं ठेवलं की सगळे पुढे जातात आणि तुम्ही विचारलंय असा फक्त देखावा होतो. नाकारताना "अवैध इनपुट" असं लिहू नका, "जूनमध्ये ३१ तारीख नसते, ३० जून की १ जुलै?" असं लिहा.

भाषा मॉडेलकडून तारीख काढून घेत असाल तरी हरकत नाही, पण ते चौथ्या पायरीच्या जागी, शक्यता काढायला. सातवी आणि आठवी पायरी त्याच्यासाठी पण तितकीच लागू.

## पायरी ९: साठवणं

तारीख ही तारीख म्हणून साठवा, वेळेसकट नाही. पायथॉनमध्ये डेट, जावामध्ये लोकलडेट, डेटाबेसमध्ये डेट कॉलम. टाइमस्टॅम्प केलात की ५ मार्चची आपली मध्यरात्र यूटीसीमध्ये ४ मार्च संध्याकाळी ६:३० होते, आणि कोणीतरी पहिले दहा अक्षरं कापून रिपोर्ट काढतो की सगळ्या तारखा एक दिवस मागे. जावास्क्रिप्टमध्ये याची उलटी बाजू पण आहे: २०२४-०३-०५ अशी नुसती तारीख दिली तर ती यूटीसी मध्यरात्र धरली जाते. पुण्यात ती ५ तारखेचे पहाटेचे ५:३० दिसते म्हणून टेस्टिंगमध्ये सगळं छान, आणि अमेरिकेतला क्लायंट उघडतो तेव्हा ४ मार्च.

सिस्टिमच्या आत आणि एपीआयमध्ये आयएसओ ८६०१ प्रमाणे वर्ष-महिना-दिवस, इंग्रजी आकड्यात. अक्षरी महिना आणि मराठी आकडे फक्त स्क्रीनवर. सोबत मूळ मजकूर, पाठवल्याची वेळ, कुठल्या नियमाने तारीख ठरली ते, आणि माणसाने बटण दाबून पक्की केली का ते.

## पायरी १०: टेस्ट आणि नाकारलेल्यांची यादी

निदान एवढ्या ओळी टेस्टमध्ये हव्यात, "आज" ११ जून २०२५ धरून, बुकिंगच्या फिल्डसाठी:

- "५/३/२६" → ५ मार्च २०२६
- "५/3/२६" → तेच
- "३१ जून" → नाकार
- "परवा" → १३ जून
- "आठ दिवसांनी" → १८ जून, दाखवून घ्या
- "पुढच्या शुक्रवारी" → दोन शक्यता
- "शनिवार पेठेत गुरुवारी" → १२ जून
- "स. नं. १२/३/१, वारजे" → तारीख नाही
- "कर्वे मार्ग ५" → तारीख नाही
- "१५ मार्चपर्यंत" → १५ मार्च २०२६, मुदत
- "१४ किंवा १५ मे" → दोन शक्यता
- "पाडव्याला" → दोन शक्यता
- "दिवाळीनंतर कधीही" → तारीख नाही, फोन

नाकारलेल्या आणि दोन शक्यता निघालेल्या सगळ्या ओळी एका टेबलात जाऊ द्या आणि सुरुवातीला रोज, नंतर आठवड्यातून एकदा कोणीतरी त्या डोळ्यांनी वाचा. नवीन ओळ दिसली की आधी टेस्टमध्ये टाका, मग यादीत किंवा नियमात बदल करा, आणि बदल केल्यावर साठवलेला मूळ मजकूर पूर्ण परत चालवून जुन्या उत्तरांशी ताडून बघा. जी तारीख आधी एक होती आणि आता वेगळी निघतेय ती ओळ आपोआप दुरुस्त होऊ देऊ नका, बुकिंग घेणाऱ्याकडे पाठवा, कारण त्या तारखेला हॉल कदाचित आधीच दुसऱ्याला दिलेला असेल.